नुसता प्रसाद नव्हे

आम्हा मराठीच्या मास्तरांना एक वाईट खोड असते. नवी वस्तू दिसली की तिला जुन्या शब्दाच्या कोनाड्यात बसवून मोकळे व्हायचे! गेल्या मे महिन्यात वसईला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या ‘पहिल्या कम्युनियन’ला गेलो, तेव्हा माझे तेच झाले. वेदीपुढे रांग लागली, धर्मगुरू प्रत्येकाला पातळ पांढरी चकती देऊ लागले. प्रसाद नाकारू नये ही आईची शिकवण, मी उठलोच! सहकाऱ्याने हळूच सदरा ओढून मला खाली बसवले.

१६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ मी वर्षानुवर्षे शिकवतो. फादर स्टीफन्सच्या ओवीवर तासभर बोलेन; पण वेदीपाशी काय घडते, हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

चकती म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी, खमीर नाही. शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द धर्मगुरू उच्चारतात, आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे रूप, रस, गंध गव्हाचेच राहून सत्त्व मात्र ख्रिस्ताचे शरीर होते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने हे स्पष्ट शब्दांत मांडले. “नैवेद्य आपण देवाला दाखवतो, सर,” सहकारी म्हणाला, “इथे देवच अन्न होऊन येतो.” मुलांना फार थांबवू नये, सातव्या वर्षाच्या सुमारास समज येते, असे १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवले. पूर्वी मध्यरात्रीपासून कडक उपास असे. १९६४ पासून तो तासाभराचा झाला.

धर्मगुरू म्हणतात, “ख्रिस्ताचे शरीर.” घेणारा म्हणतो, “आमेन.” पांढऱ्या झग्यातली आमची चिमुरडी ते इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या बाकांवर हसू फुटले.

तिची आजी मात्र लाल लुगड्याचा पदर सावरीत बाकावरच बसून राहिली. नातीचा एवढा सोहळा, आणि आजी जागची हलली नाही!

घरी चहा घेताना मी भीतभीत विचारले, “उपास मोडला होता का?”

“उपास कसला!” आजी म्हणाल्या. “वाडीच्या बांधावरून भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. वेदीकडं जायच्या आधी भावाशी समेट कर, असं येशूनंच सांगितलंय. मी खोटं आमेन कसं म्हणू?”

“पण पापाची कबुली देता येते ना?”

“कबुली सोपी हो, मास्तर. बांध ओलांडायचा कठीण.”

आतून नात धावत आली. तिच्या हातात केकची ताटली होती. “आजी, ही मामाआजोबांना नेऊ?” आजी काही बोलल्या नाहीत. मग ताटलीतला तुकडा त्यांनी बदलून मोठा ठेवला आणि वरून रुमाल झाकला. मुलगी वाडीतून पळाली. आजी दाराकडे पाहत राहिल्या.

थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला भाऊ आहे का, मास्तर?”

“आहे. नागपूरला असतो.”

“बोलणं आहे ना?”

मी चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.