पूल हालतो म्हणून पडत नाही

पुलगावजवळ वर्धा नदीच्या पुलावर गाड्यांची रांग लागते, एसटी थांबते, शेजारून भरलेला ट्रक जातो आणि बस डुलते. लगेच मागून कोणीतरी म्हणतो, "पूल हालून रायला ना भाऊ, सिमेंटच नाही टाकलं यात!" सगळी बस माना डोलावते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. निदान पुलगावात तरी हे ऐकू येऊ नये; गावाचं नावच तिथल्या रेल्वेपुलावरून पडलेलं आहे.

आधी बसचं बघू. त्यातलं बरंचसं डुलणं बसच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं असतं. राहिला पूल. तोही हालतो, आणि हालायलाच हवा. लांब तुळईवर वजन आलं की ती वाकते. वाकली की तिचा ताठपणा तिला सरळ करायला ओढतो, पण सरळ झाल्यावर जडत्व तिला थांबू देत नाही, पलीकडे नेतं. या ओढाताणीलाच आपण कंप म्हणतो. ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला हे समीकरणात बसवलं, आणि आजही अभियंता तिथूनच सुरुवात करतो. घरी पोराची स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि टोक छेडा. बाहेरची लांबी निम्मी केली की कंप चौपट वेगाने होतात. म्हणून पुलाचा लांब गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, सावकाश हालतो आणि अंगाला जाणवतो. आखूड गाळा भराभर थरथरतो आणि कळतही नाही.

शंका असेल त्यांनी भारतीय रोड काँग्रेसची 'आयआरसी 112' ही संहिता बघावी. वाहनांच्या भाराने गाळा त्याच्या लांबीच्या आठशेव्या भागापर्यंत वाकला तरी चालतो. म्हणजे 40 मीटरच्या गाळ्याला 50 मिलिमीटर! चांगले पूल याहून बरेच कमी वाकतात, पण वाकणं हिशेबात धरलेलंच असतं.

आता पडलेले पूल बघा. महाडजवळचा सावित्रीचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा होता. अशा कमानी गर्डरसारख्या डुलत नाहीत, तरी तो पुरात गेला. मोरबीला 30 ऑक्टोबर 2022 ला झुलता पूल कोसळला, तेव्हा 'पोरांनी हलवला म्हणून पडला' असं सगळीकडे फिरलं. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात वेगळंच निघालं: एका मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या. माणसं गंजाने आणि क्षमतेहून जास्त गर्दीने मेली, आणि बोट पोरांकडे गेलं. याचा मला संताप येतो, कारण हलण्याला दोष दिला की गंजाकडे कोणी बघत नाही.

'मग जाड करा, हलणार नाही' हा पुढचा सल्ला. पट्टीची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट आणि ताठपणा आठपट होतो. कंप दुप्पट वेगाने होतात, पण सुटलेला कंप तेवढ्याने जिरत नाही. जिरवायला घर्षण लागतं. बसचे पाटे एकमेकांवर घासतात, तेही काही प्रमाणात हेच काम करतात. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला, चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा डुलू लागला आणि दोन दिवसांत बंद झाला. तो पाडला नाही, जाडही केला नाही. कंप जिरवणारे 37 द्रवभरले डँपर आणि झुलत्या वजनांचे पन्नासएक डँपर बसवून 2002 मध्ये पुन्हा खुला केला.

'सेन्सर आणि मोटर लावली की झालं' असंही ऐकतो. गणित त्याला अर्धाच होकार देतं. एका बाजूने घट्ट धरलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकाचा वेग मोजायचा आणि त्याच प्रमाणात उलटा जोर लावायचा, तर कंप झपाट्याने विरतो. हे सिद्ध झालेलं आहे. पण मोजणं आणि जोर लावणं यांत जराशी दिरंगाई झाली तर? डॅट्को, लॅग्नीज आणि पोलिस या संशोधकांनी 1986 मध्ये तरंगांच्या समीकरणावर दाखवलं की कितीही छोटी दिरंगाई स्थिर व्यवस्था बिघडवू शकते. झोपाळ्याला चुकीच्या क्षणी हात लावला तर तो थांबत नाही, उलट वर जातो.

काही किरकोळ समजही आहेत. अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल 1940 मध्ये 'वाऱ्याची लय जुळली' म्हणून पडला, हे बिल्लाह आणि स्कॅनलन या संशोधकांनी 1991 मध्येच खोडलं. पुलाचं स्वतःचं पिळणंच वाऱ्यातून ऊर्जा ओढत होतं. दोन गाळ्यांमधली फट म्हणजे बांधकामातली चूक नव्हे. वर्ध्याच्या थंडी-उन्हाळ्यात 35 अंशांचा फरक धरला तर 30 मीटरचं काँक्रीट सुमारे 12 मिलिमीटर वाढतं, त्याला जागा लागते.

काळजी करायचीच तर कंप बदलतोय का, याची करा. भेग पडली की ताठपणा घटतो आणि कंपाची गती मंदावते. ताठपणा 19 टक्के कमी झाला तर गती 10 टक्के उतरते. आपल्या अंगाला हे कळत नाही, गर्डरवर बसवलेल्या उपकरणाला कळतं. आपल्या डोळ्यांना दिसतं ते म्हणजे उघडी पडलेली गंजकी सळई, खचलेला जोड, पुरानंतर पायाजवळ पडलेला खड्डा. बांधकाम विभागाला फोन करायचा तो यांच्यासाठी.