हत्यारांची पेटी

इंदूरपासून जवळच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८० च्या दशकात वाहनांचे कारखाने उभे राहिले. कायनेटिक होंडाच्या स्कूटरी आणि आयशरचे ट्रक तेथे तयार होऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर या प्रदेशातील तरुणांना एक नवा हातधंदाही लाभला. आज खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून रस्त्याकाठी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटू पाहतात. अशा वेळी कुटुंबापुढे पहिला प्रश्न येतो तो हत्यारांचा. पदरचे पैसे थोडे. ते कोठे सढळ हाताने खर्चावे आणि कोठे राखावे?

सियागंजच्या बाजारात एकाच मापाचा पाना निरनिराळ्या किमतींना मिळतो. चकाकी सर्वांनाच सारखी असते. भेद असतो तो आतील पोलादात. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद ठोकून घडविलेला व योग्य पाणी दिलेला पाना कठीण असूनही ठिसूळ नसतो. हलक्या पोलादाचा पाना जोर पडताच जबडा फाकवतो, नटाचे कोपरे झिजतात आणि शेवटी तो नट छिन्नीने तोडावा लागतो. पाना सटकला की बोटे इंजिनावर आपटतात ती वेगळीच. ज्याचे पोट हातावर, त्याने हाताशी असा खेळ करू नये.

म्हणून खरेदीची विभागणी करावी. रिंग पाने, गोटी पाने, पेचकस आणि पक्कड यांचा उपयोग रोजचा; येथे काटकसर नको. मोटारसायकलीच्या बहुतेक कामास ८, १०, १२, १४ व १७ मिलिमीटर ही मापे प्रथम पुरतात. गोटी शक्यतो सहा कोनी घ्यावी. ती नटाच्या सपाट बाजूंवर बसते, कोपरे खात नाही. जपानी धर्तीच्या गाड्यांतील चौफुलीचा स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाने सहज खराब होतो, त्यासाठी जे.आय.एस. धर्तीचा पेचकस मागावा.

तेलाचे नरसाळे, नट ठेवण्याचे ताट, तारेचा ब्रश या वस्तू स्वस्त घेतल्या तरी बिघडत नाही. हातोडी साधी चालेल, परंतु तिचा दांडा ढिला नसावा. बेअरिंग ओढण्याचा पुलर क्वचित लागतो. तो प्रारंभी शेजारच्या मिस्त्रीकडून मागून आणावा, आणि वारंवार मागण्याची पाळी आली तरच विकत घ्यावा. मात्र चारचाकीचे काम करणाऱ्याने जॅक व स्टँड यांत पैसा वाचवू नये. जॅकने गाडी उचलावी, पण भक्कम स्टँड लावल्याविना तिच्याखाली कधीही शिरू नये. तेथे प्रश्न जिवाचा आहे.

उत्तम हत्यार परदेशीच असते असे नव्हे. नाशिकच्या टपारिया कारखान्याने १९६९ साली स्वीडिश तंत्रसहकार्याने उत्पादन आरंभिले. जालंधर हेही हत्यारांचे मोठे केंद्र आहे. तथापि नामांकित छाप्याची नक्कलही होते. एखादे अक्षर बदललेले नाव, पुसट कोरलेले माप, एकमेकांस समांतर नसलेले जबडे दिसल्यास सावध व्हावे. कोरा नट बरोबर नेऊन दुकानातच पाना लावून पाहावा, आणि पक्की पावती घ्यावी. शंभर नगांच्या झगझगीत पेटीचा मोह टाळावा. तिच्यातील कित्येक नग वर्षानुवर्षे हातातही येत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आहे. परंतु तिच्या १८ व्यवसायांत लोहार व कुलूप-कारागीर असले, तरी मोटार मेकॅनिक नाही. तेव्हा त्या आशेवर कर्ज काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे.

आईवडिलांनी मुलाबरोबर एखाद्या जाणत्या मिस्त्रीस बाजारी न्यावे आणि प्रथम आठ-दहा नगच निवडून घ्यावेत. पुढची हत्यारे मुलाने आपल्या कमाईतून एकेक करून जोडावीत. रोज संध्याकाळी ती तेलाच्या फडक्याने पुसून, मोजून पेटीत ठेवण्याची सवयही त्याला पहिल्या दिवसापासूनच लावावी.