घरासमोर रस्त्याचं काम? रात्रीचा नियम माहीत असू द्या

रस्ता व्हायलाच हवा. नगरचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तोवरचा खडखडाट आपण सोसलाच. पण घरी शिलाई, शिकवणी, लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी, फजरला उठणाऱ्या बुजुर्गांनी रात्रीही ब्रेकरचा आवाज सहन करावा का? कायदा नाही म्हणतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री १० ते सकाळी ६ बांधकामाची आवाज करणारी यंत्रं वस्तीत चालवता येत नाहीत.

तसं घडलं तर ११२ वर फोन करा. तारीख-वेळ लिहून, मोहल्ल्यातल्या चार घरांच्या सह्या घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. मजुरांशी भांडू नका, ते हुकमाचे ताबेदार. आणि रात्री दहानंतरची बंदी आपल्या लग्नातल्या डीजेलाही आहे, हे आम्ही आधी स्वतःला सांगतो.