संगणकाचा राखणदार आजारी पडला तर काय करावे?

विषाणू म्हटले की आपल्याला सर्दी-खोकला आठवतो. पण संगणकातला विषाणू जिवंत नसतो. तो कोणीतरी मुद्दाम लिहिलेला वाईट प्रोग्राम असतो. तो फायली बिघडवतो, लपवतो, नाहीतर कुलूप लावून पैसे मागतो. १९८६ साली आलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपी नावाच्या चकतीतून पसरत असे. आता विषाणू पेन ड्राइव्हमधून आणि इंटरनेटवरून येतात.

त्यांना अडवणारा प्रोग्राम म्हणजे अँटिव्हायरस. तो शेतावरच्या राखणदारासारखा असतो. त्याच्याजवळ चोरांची यादी असते. रोज नवे चोर निघतात, म्हणून यादीही सारखी नवी करावी लागते. याला अपडेट म्हणतात.

आमच्या घरच्या संगणकात आईच्या बचत गटाचा सगळा हिशेब आहे. बायकांनी पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा तो. म्हणून राखणदाराच्या चिन्हावर लाल फुली दिसली तेव्हा आई फार घाबरली. अपडेट काही होईना. माझा मामेभाऊ आयटीआयला शिकतो. दादाने एकेक गोष्ट तपासली, ती मी वहीत उतरवून घेतली.

१) आधी तारीख पाहावी. आमच्या संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. दादा म्हणाला, “समज, तुझा एस.टी.चा पास जूनपासून आहे आणि कंडक्टरला वाटतंय अजून जानेवारीच आहे. तो म्हणेल, हा पास सुरूच झाला नाही, उतर खाली!” इंटरनेटवरच्या ओळखपत्रांनाही अशाच तारखा असतात. तारीख चुकली की संगणक खऱ्या कंपनीलाही खोटी समजतो आणि अपडेट घेत नाही.

२) तारीख पुन्हा मागे गेली तर सेल पाहावा. संगणकाच्या पेटीत सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालवतो. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. रुंदी मी पट्टीने मोजली, बरोबर भरली! आमचा सेल संपला होता. दादाने वायर काढून नवा बसवला. मुलांनी मात्र पेटी उघडू नये.

३) दोन राखणदार ठेवू नयेत. दोघेही एकच फाईल तपासत बसतात, एकमेकांवर संशय घेतात आणि संगणक गोगलगायीसारखा चालतो. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार आधीच असतो. दुसरा आणला की तो बाजूला होतो, दुसरा काढला की पुन्हा कामाला लागतो.

४) डिस्कमध्ये जागा आहे का आणि इंटरनेट चालू आहे का, हे पाहावे. तरीही जमले नाही तर अँटिव्हायरस काढून, संगणक बंद-चालू करून, कंपनीच्या संकेतस्थळावरूनच पुन्हा घ्यावा.

५) “तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरवर फोन करा” अशी पाटी इंटरनेट पाहताना आली तर तो ठकच समजावा. फोन करू नये. कोणी पैसे लुबाडले तर लगेच १९३० वर कळवावे.

अपडेट झाल्यावर दादाने पेन ड्राइव्ह तपासला. त्यात विषाणू निघाला! पावत्यांचा खरा फोल्डर त्याने लपवला होता आणि जागी नुसता शॉर्टकट ठेवला होता. विषाणू काढल्यावर पावत्या जशाच्या तशा सापडल्या. आईचा जीव भांड्यात पडला. आता ती दर शनिवारी हिशेबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेते आणि तो काढून कपाटात ठेवते.

पालकांनी आज घरी गेल्यावर संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख जरूर पाहावी.

— इयत्ता चौथी