चार झडपा आणि हवेची घुसळण

मोटारीच्या पाठीवर कधीकधी ‘१६ व्ही’ अशी अक्षरे दिसतात. चार सिलिंडर आणि प्रत्येकावर चार झडपा, म्हणून सोळा. एवढाच त्यांचा अर्थ. झडपा जितक्या अधिक तितके इंजिन चांगले, अशी समजूत या अक्षरांनी पुष्कळांची करून दिली आहे. ती अर्धीच खरी आहे. जादा झडपांमुळे इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो. परंतु आत आलेली हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण त्यामुळे आपोआप सुधारते असे नव्हे. कित्येकदा ते बिघडतेच.

प्रथम कामाचे प्रमाण ध्यानी घ्यावे. एक लिटर पेट्रोल पुरते जळावयास सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे घनफळाने जवळजवळ ९,००० लिटर. या अफाट पसाऱ्यात पेट्रोलाच्या प्रत्येक कणाची आपल्या वाट्याच्या हवेशी गाठ पडावयास हवी. त्यासाठी वेळ किती? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हवा आत ओढण्यास सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो आणि ती दाबण्यास तेवढाच. पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. एवढ्यात मिश्रण नीट झाले नाही, तर काही इंधन न जळताच धुराच्या नळीवाटे निघून जाते. त्याचे पैसे मात्र पंपावर मोजलेले असतात.

चार झडपांची कल्पना नवी नाही. प्यूजोच्या अशा गाडीने १९१२ साली फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली होती. सिलिंडरच्या वाटोळ्या छतात दोन भोकांऐवजी चार भोके पाडली की जागेचा उपयोग अधिक होतो, प्रत्येक झडप हलकी होते, आणि ठिणगीचा प्लग नेमका मध्यभागी बसविता येतो. अडचण येते ती मंद गतीला. नदीचे पात्र रुंदावले की पाणी संथ होते. त्याचप्रमाणे, गाडी शहराच्या रहदारीत रखडत असता, हवा या रुंद वाटेने आळसावल्यासारखी आत येते आणि स्वस्थ पडून राहते.

स्वस्थ हवा इंजिनाला का चालत नाही, हे ड्युगल्ड क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने १९१२ च्या सुमारास मोठ्या युक्तीने दाखविले. त्याने गॅसच्या इंजिनात मिश्रण भरून घेतले, झडपा मिटून ठेवल्या, आणि ठिणगी न पाडता दट्ट्याने ते नुसतेच दाबले व सैल सोडले. असे काही वेळा केल्यावर मग ठिणगी पाडली. मिश्रण तेच होते, यंत्रही तेच. परंतु जळण्यास नेहमीपेक्षा फार अधिक वेळ लागला. आत शिरताना हवेत माजलेली खळबळ मधल्या वेळात शमली होती, फरक एवढाच. ज्वाला स्वतः रांगते. तिला धावावयास लावते ती ही खळबळ. इंजिनशास्त्रात इतका साधा आणि इतके सांगून जाणारा प्रयोग क्वचितच आढळेल.

ही खळबळ दोन तऱ्हांनी साधता येते. पहिली भोवऱ्याची: रवीने ताक घुसळताना ते मडक्यात गरगरते, तशी हवा सिलिंडरच्या भिंतीलगत फिरते. दुसरी कोलांटीची: हवा छताखालून समोरच्या भिंतीकडे जाते, खाली उतरते आणि दट्ट्यावरून वळून पुन्हा वर येते. प्रवेशाच्या दोन जुळ्या झडपा शेजारीशेजारी असल्या की त्यांचे भोवरे एकमेकांना खोडून काढतात. म्हणून चार झडपांच्या इंजिनाला कोलांटीच अधिक मानवते. तिचा एक मोठा गुण असा की दट्ट्या वर येऊ लागताच तिला फिरावयास जागा उरत नाही. ती चेपली जाते आणि असंख्य बारीक भोवऱ्यांत फुटते, आणि तेही ठिणगी पडण्याच्या ऐन वेळी!

कीथ डकवर्थ या इंग्रज अभियंत्याने याच गुणाचा लाभ घेतला. पूर्वी झडपांच्या दोन रांगांत रुंद कोन ठेवीत. त्यामुळे छताचा घुमट खोल होई, तो भरून काढण्यास दट्ट्याला उंच टेंगूळ द्यावे लागे, आणि ज्वाला त्यावर अडखळे. डकवर्थने १९६७ च्या आपल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनात हा कोन ३२ अंशांवर आणला आणि छत उथळ केले. हॉलंडमधील झांडव्होर्टच्या पहिल्याच शर्यतीत ते इंजिन जिंकले.

शर्यतीच्या गाडीला रहदारीत रखडावे लागत नाही. रोजच्या गाडीचे दुखणे निराळे. होंडा कंपनीने १९९१ साली सिव्हिक गाडीच्या एका इंजिनात मंद गतीला प्रवेशाच्या दोहोंपैकी एक झडप जेमतेम किलकिली ठेवली. बहुतेक हवा दुसरीतून घुसू लागली आणि आपोआप जोरकस भोवरा उठला. एरवी एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा लागते. येथे २० हून अधिक भाग हवेतही ज्वाला टिकू लागली. झडप मुद्दाम जादा बसवावयाची आणि मग तीच मिटून ठेवावयाची, हे वरकरणी हास्यास्पद दिसते. पण गती वाढली की ती पुरती उघडते, आणि तेव्हाच तिची गरज असते.

टोयोटाने २०१७ च्या कॅम्री गाडीच्या इंजिनात झडपांमधील कोन ३१ वरून ४१ अंश, म्हणजे पुन्हा रुंद केला. ही डकवर्थच्या विचारापासून माघार नव्हे. कोन वाढवून हवेची वाट अधिक सरळ केली, झडपेची बैठक लेसर किरणांनी धातू वितळवून जागच्या जागी घडविली, आणि कोलांटी व मोकळा श्वास दोन्ही साधले. या पेट्रोल इंजिनात इंधनातील उष्णतेचा सुमारे ४० टक्के भाग कामी येतो.

जेथे पेट्रोलाचा फवारा थेट सिलिंडरात सोडतात, तेथे मिसळण्यास वेळ आणखी कमी मिळतो, आणि दट्ट्या ओला झाला तर काजळी धरते. शिवाय प्रवेशाच्या झडपांवरून पेट्रोल वाहत नसल्याने त्या धुतल्या जात नाहीत. तेलाच्या वाफेची काळी पुटे त्यांच्या पाठीवर चढतात. अभियंत्याने अंशाअंशाने घडविलेली हवेची वाट अशा पुटांनी बदलून जाते. म्हणून अशा गाडीचे इंजिन काही वर्षांनी अडखळू लागले, तर प्लग बदलण्यापूर्वी कुशल कारागिराकडून या झडपा तपासून घेणे इष्ट.