कोल्ब यांची प्रश्नावली काय मोजते?

अनुभवातून शिकताना कोणाचा कल कुठे आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्या १९८५च्या आवृत्तीत १२ अपुरी वाक्यं आहेत. प्रत्येकाला चार शेवट. स्वतःला सर्वांत लागू पडेल त्याला ४ गुण, मग उतरत्या क्रमाने सर्वांत कमी त्याला १. बेरजेतून दिसतं, की विद्यार्थी प्रत्यक्ष अनुभवाकडे झुकतो, निरीक्षणाकडे, संकल्पना मांडण्याकडे की करून पाहण्याकडे.

खरी मेख इथेच आहे. चारही बाजूंची बेरीज प्रत्येकाची १२०च येते. एक आकडा वाढला की दुसरा घटणारच. त्यामुळे दोन मुलांचे गुण शेजारी ठेवून तुलना करणं चूक. शिवाय अशा कलानुसार, म्हणजे शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांच्या २००८च्या आढाव्यात आहे. तेव्हा शिक्षकांनो, निकाल मुलासोबत बसून वाचा. त्यावरून वर्गाचे गट मात्र पाडू नका.