जायफळाआडची कॉफी

जांब समर्थ हे चहाचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून रामनवमीला येथे भाविक जमतात, आणि पाहुणचाराला कपबशी पुढे येते ती चहाचीच. कॉफी निघते ती उपवासाला, नाही तर पाहुणा अगदी मानाचा असला तर. आणि तीही दूध, साखर व जायफळ यांच्या पदराआडून. जायफळाशी माझे वैर नाही. पण त्या घमघमाटात कॉफी कूर्गची की वायनाडची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

वास्तविक हा फरक द्राक्ष आणि बोर यांच्याइतका ढळढळीत असतो. डोंगरावरच्या थंड हवेत अरेबिकाचे फळ सावकाश पिकते, बी घट्ट भरते, कॉफीला आंबूसपणा आणि सुवास येतो. वायनाडचा रोबस्टा खालच्या उंचीवरचा. कडसर, भारदस्त, आणि कॅफीन जवळजवळ दुप्पट. मलबारची तऱ्हा आणखी निराळी. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना दमट हवेने बी फुगून पिवळट होई, आंबटपणा निघून जाई. तीच चव तिकडे आवडू लागली, म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम पावसाळी वारे देऊन ते बी तयार करतात.

गेल्या भाद्रपदात मी चार पुड्या घेऊन जांबला आत्याकडे गेलो. बाबाबुदनगिरीची (बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्याची कथा याच डोंगराची), आंध्रातल्या अराकूची, मलबारची आणि आपल्या चिखलदऱ्याची. दूध नाही, साखर नाही. "हा तर काढाच की रे!" असे म्हणत आत्याने कप तोंडाला लावला.

परदेशी चाखणारे ब्लूबेरी आणि चेरीच्या उपमा देतात. आत्याने त्या फळांचे तोंडही पाहिलेले नाही. बाबाबुदनगिरीला ती म्हणाली, "मोसंबीच्या सालीसारखी." अराकूत तिला काकवी सापडली. मलबारला, "पावसाळ्यात पोत्यात राहिलेल्या ज्वारीचा वास." मराठीत चवीच्या शब्दांचा दुष्काळ आहे असे म्हणणाऱ्यांनी जांबला एकदा यावे.

चिखलदरा आपल्या सातपुड्यातला, सुमारे ११०० मीटर उंचीवरचा. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की हेच नाव. तेव्हा माझे मन तिच्या बाजूला झुकलेले होते. आत्याने मात्र तो कप बाजूला सारला. "मचूळ आहे."

मला वाईट वाटले. पण संशय पाण्याचा होता. त्या कपाला बोअरचे पाणी वापरले होते, बाकीच्यांना जारचे. जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबूसपणा मारून टाकतात, आणि मवाळ कॉफीजवळ गमवायला मुळात थोडेच असते. पुन्हा आधण ठेवले, या वेळी जारच्या पाण्याचे. कपातून आता भाजक्या शेंगदाण्यांचा खमंगपणा आला आणि मागून अगदी पुसट आंबटगोडी.

"आता बोलते आहे," आत्या म्हणाली. बाबाबुदनगिरीला तिने पहिला नंबर दिला तो दिलाच; तो माझ्या आग्रहानेही हलला नाही. चिखलदऱ्याची पुडी तेवढी तिने डब्यात ठेवून घेतली. मलबारच्या कॉफीत संध्याकाळी दूध, साखर आणि जायफळ पडले, आणि ती फक्कड झाली.